मला उचलून बघा

मी एक जुना ब्रश आहे. किती जुना, ते विचारू नका. डोक्यावर जेमतेम चार-सहा केस उरले आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकीकत सांगायला बसल्या की शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी हात जोडणार नाही. एक तर मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. मला कोणाची कीव नको आहे. माझ्याबद्दल आजवर जे जे बोलले गेले त्यातले बरेचसे चूक होते, आणि ते कसे चूक होते हे मला ठणकावून सांगायचे आहे.

माझा जन्म ब्रश बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या एका वयस्कर कारागिरणीने माझे केस निवडले, छोट्या पितळी पेल्यात ठोकून त्यांची टोके सारखी केली, ते दोऱ्याने आवळले आणि धातूच्या कड्यात बसवले. वाकडा केस दिसला की ती तो चिमट्याने उपटून फेकायची. माझ्या दांड्याला तिने काळा रंग दिला आणि मला वाळायला टांगले. शेजारी टांगलेले माझे भाऊबंद दिवसभर एकाच गप्पा मारत. कोणाला डोंगर रंगवायचे होते, कोणाला राजाच्या मिशा. मी ठरवून टाकले होते की आपण रंगवायचे तर डोळे. अगदी बारीक टोकाच्या ब्रशलाच डोळे रंगवायला मिळतात, असे तिथे सगळे म्हणत.

दुकानात मला फार दिवस राहावे लागले नाही. जाड चष्म्याची एक मुलगी आली, तिने चष्मा काढला आणि एकेक ब्रश स्वतःच्या पापणीवरून फिरवून पाहिला. माझ्यापाशी ती थांबली. दुकानदाराने विचारले, जलरंगासाठी हवा की तैलरंगासाठी? ती म्हणाली, माश्यांसाठी. दुकानदाराला वाटले, ही माश्यांची चित्रे काढत असणार. मलाही तसेच वाटले. माश्या तर माश्या, माशीलाही डोळे असतातच की, अशी मी मनाची समजूत घातली.

पण चित्र माझ्या नशिबी नव्हतेच. ती मुलगी विद्यापीठात संशोधन करत होती आणि मी तिला हवा होतो तो खऱ्याखुऱ्या माश्या इकडच्या तिकडे सरकवायला. त्या दिवशी ती मला आधी घरी घेऊन गेली. घरी तिची मावशी आली होती. पोरगी तिकडे करते तरी काय, असे मावशीने विचारले, तेव्हा आई म्हणाली, "करते कसली, दिवसभर माश्या मारते." सगळे पोट धरून हसले. ती स्वतःही हसली. पिशवीतल्या पिशवीत मी मात्र जळफळत होतो.

मित्रांनो, हा विनोद मी आयुष्यभर ऐकला. पाहुणे आले की हाच विनोद, फोन आला की हाच विनोद. रिकामटेकड्या माणसाला आपण म्हणतो, माश्या मारत बसलाय. पण ऐका. आम्ही माश्या मारत नव्हतो. आम्ही त्या जगवत होतो, आणि माशी जगवणे हे मारण्याहून कितीतरी कठीण काम आहे. तुमच्यापैकी कोणाला खोटे वाटत असेल तर एक माशी पंखाला धक्का न लावता एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवून दाखवा.

पिकलेल्या फळांवर घिरट्या घालणारी बारीक चिलटे तुम्ही पाहिली असतील. त्याच आमच्या माश्या. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्यांत त्या राहतात. बाटलीच्या तळाला मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट यांचे शिजवून गार केलेले खाद्य असते, खळीसारखे घट्ट आणि ओलसर. तोंडाला कापसाचा बोळा. माश्या निवडायच्या तर त्यांना थोडा गॅस देऊन झोपवायचे, एका छिद्रांच्या पाटीवर ओतायचे आणि मायक्रोस्कोपखाली धरायचे. मग माझे काम सुरू. नर डावीकडे, माद्या उजवीकडे. माझ्या टोकाचा नुसता वारा लागावा इतक्या हलक्या हाताने ती मला चालवायची. कोणाचा पाय मोडता कामा नये, कोणाचा पंख चुरगळता कामा नये. चित्रकाराच्या हातून ब्रश इकडेतिकडे गेला तर तो वरून दुसरा रंग लावतो. आमच्याकडे वरून लावायला काही नव्हते.

पुढे ती शिकवू लागली, तिची स्वतःची प्रयोगशाळा झाली आणि सगळे तिला बाई म्हणू लागले. आता मीही बाईच म्हणतो. बाईंचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता, आणि तो मला पहिल्यांदा ऐकला तेव्हाच पटला. नर माशी मादीच्या मागे जाते, एक पंख बाजूला पसरते आणि तो थरथरवून गाणे म्हणते. हो, गाणेच. ते आपल्या कानांना ऐकू येत नाही, पण मायक्रोफोन लावला तर येते. हे गाणे त्या नराला शिकवले कोणी? अंड्यातून अळी निघते तेव्हा आईबाप जवळ नसतात. अळी खाते, वाढते, कोषात जाते, कोषाच्या आत विरघळून नव्याने घडते आणि पंख घेऊन बाहेर येते. शाळा नाही, गुरू नाही, आणि तरी गाणे येते. म्हणजे ते शरीर घडतानाच कुठेतरी आत लिहिले जात असणार. कोणते जनुक ते लिहिते, आणि नेमके कधी लिहिते? याचे उत्तर शोधायला बाई रोज मला हातात घेत.

त्यासाठी त्या बिघडलेल्या माश्या शोधत. ज्या नराचे गाणे बिघडले, त्याच्यात कोणते जनुक बिघडले ते पाहायचे. आणि इथे मला एक रिवाज सांगितलाच पाहिजे, कारण माझी सगळी गोष्ट त्यावर टेकली आहे. माश्यांवर काम करणारे लोक जनुकाला नाव देतात ते, जनुक काय करते त्यावरून नव्हे. ते नसले की काय बिघडते, त्यावरून देतात. माशीच्या डोळ्यांना लाल रंग देण्याच्या कामी येणाऱ्या एका जनुकाचे नाव आहे पांढरा. कारण ते बिघडले की डोळे पांढरे होतात. जे रंग आणते त्यालाच पांढरा म्हणायचे. मला सुरुवातीला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. डोळे रंगवायची हौस बाळगून आलेला मी, आणि इथे माझ्या टोकाखाली रंग उडालेले डोळे.

अशाच शोधात बाईंना एके दिवशी तो नर सापडला. तो मादीच्या मागे गेला, त्याने पंख पसरला, गुणगुणायला लागला आणि मध्येच थांबला. पंख तसाच पसरलेला, आणि स्वारी उभी, काहीतरी विसरल्यासारखी. पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच थांबला. त्याची मुले तशीच निघाली, नातवंडे तशीच. बाईंनी त्या वाणाचे नाव ठेवले अर्धवट. गाणे पुरे करण्याचे काम ज्या जनुकाचे, त्याचे नाव अर्धवट. त्या दिवशी बाईंनी मला धुतले, टोक बोटांनी नीट केले आणि कापडावर आडवे ठेवले. एवढी बडदास्त मला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

आता माझ्या पडत्या काळाकडे येतो. केस झडू लागले. नवे ब्रश आले, तरतरीत, लाल दांड्यांचे. बाईंच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आली होती. सगळ्यांत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटीने अर्धवट वाणावरच प्रबंध करायचे ठरवले आणि पहिल्याच दिवशी लाल दांड्याचा ब्रश उचलला. मी काही बोललो नाही. बोलणार तरी कसा?

बाईंनी मात्र मला टाकले नाही. त्यांनी त्याहून वाईट केले. निवडलेल्या, झोपलेल्या माश्या बाटलीत घातल्या की ती बाटली लगेच उभी करायची नसते. उभी केली तर माश्या तळाच्या ओल्या खाद्यावर पडतात आणि चिकटतात. म्हणून त्या जाग्या होईपर्यंत बाटली आडवी ठेवायची. नव्या माणसाला बाई पहिला धडा हाच देत. "झोपलेल्याला उभं करायचं नाही," एवढेच त्यांचे वाक्य. पण आमची खोली पूर्वी धुण्याची खोली होती. फरशीला मोरीकडे उतार होता, त्यामुळे टेबलालाही उतार, आणि पायाखाली कितीही कागदाच्या घड्या घातल्या तरी आडवी बाटली घरंगळत काठाकडे येई. तेव्हा बाईंनी मला टेबलाच्या काठालगत आडवे ठेवले आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून टाकली. बाटल्या येऊन माझ्या अंगाला टेकत आणि थांबत. झाले. माझी नेमणूक संपली.

काय वाटले म्हणता? राग आला. ज्याने माश्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची लग्ने जुळवली त्याला लाकडाच्या चिपेचे काम. येणारे-जाणारे विचारत, हे टकलं काय चिकटवून ठेवलंय? कोणी माझ्यावर पेन टेकवायचे, कोणी चहाचा कप. चिकटपट्टी पिवळी पडली, माझ्या अंगावर खाद्याचे डाग पडले. मी मनाशी म्हणायचो, ठीक आहे, पडून राहीन, पण हे काम माझे नाही.

धाकटीचे काम मात्र झकास चालले होते. तिने शेजारच्या शांत खोलीत मायक्रोफोन लावलेली डबी बसवली होती. त्या डबीत साध्या माश्यांची गाणी वेगळी आणि अर्धवटांची वेगळी इतकी स्पष्ट येत की विभागप्रमुख सरांनीही एकदा ऐकून मान डोलावली. अजून एक मोठी फेरी झाली की तिचा प्रबंध पुरा होणार होता. तेवढ्यात बाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा घ्यावी लागली. डोळ्यांनी काम करणाऱ्या बाईंना डोळेच घरी घेऊन बसावे लागले.

त्यांच्या गैरहजेरीत माश्या निवडायचे काम एका संशोधकाने आपणहून अंगावर घेतले. हा अंडी आणि अळ्यांवर काम करणारा. शरीर कसे घडते हे पाहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण उडत्या माशीशी त्याचा संबंध कधी आला नव्हता. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत, म्हणून त्याला टापटीप म्हणत. मनाने तो फार चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो. पण चांगुलपणाच्या भरात त्याने पहिले काम कोणते केले असेल तर टेबल साफ केले. तपासणीला बाहेरचे पाहुणे येणार होते. त्याने माझी चिकटपट्टी खरवडून काढली, काठ ओल्या फडक्याने पुसला आणि मला खिडकीतल्या निकामी वस्तूंच्या डब्यात उभे केले. दोन सुकलेली पेने, एक तुटका चिमटा आणि मी.

खरे सांगतो, पहिले दोन-तीन दिवस मला बरेच वाटले. आडवे पडून कंटाळलो होतो. खिडकीतून खोली छान दिसत होती. आणि मग मी पाहिले. टापटीपने माश्या निवडल्या, बाटलीत घातल्या, बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि ती घरंगळत आली आणि खाली पडून फुटली. त्याने काचा गोळा केल्या. दुसरी ठेवली, तीही निघाली, ती त्याने हवेत झेलली. मग त्याने जे केले ते त्याच्या स्वभावाला धरूनच होते. त्याने एक स्टँड आणला आणि सगळ्या बाटल्या ओळीने त्यात उभ्या केल्या. आत माश्या झोपलेल्या.

मी ओरडलो असतो. टेबल ओरडले असते. पण आमच्या खोलीत तोंड फक्त माणसांना आहे, आणि बाईंचे ते वाक्य टापटीपला कोणी सांगितलेच नव्हते. ते माशीवाल्यांना सांगायचे वाक्य होते, आणि तो अंडीवाला होता. त्या माश्या मेल्या नाहीत. मेल्या असत्या तर लगेच कळले असते. त्या खाद्यावर पडल्या, पंखांनी चिकटल्या, जाग्या झाल्यावर धडपडून सुटल्या आणि पंखांच्या कडांना वाळलेल्या खाद्याची पातळ साय घेऊन फिरू लागल्या. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. धाकटी येई तोवर त्या जाग्या झालेल्या असत, आणि त्याच माश्या शेजारच्या खोलीत नेऊन ती त्यांची गाणी ऐकत होती.

काही आठवड्यांत धाकटीचा चेहरा उतरला. साध्या माश्याही गाणे मध्येच सोडू लागल्या होत्या. पंख पसरत, गुणगुणत, थांबत आणि पंख झटकत बसत. तिने मायक्रोफोन बदलला, डबी धुतली, खोलीतला पंखा बंद करून पाहिला. माशी नेमकी कुठे शिंकली हेच तिला कळेना. कोणती साधी आणि कोणती अर्धवट, यात काही फरक उरला नाही.

विभागप्रमुख सर वाईट माणूस नव्हते. त्यांना एका मोठ्या यंत्रासाठी जागा हवी होती आणि आमची खोली यंत्राला पुरणारी होती. त्यांनी धाकटीचे नवे निकाल पाहिले आणि म्हणाले, आधी दिसला तो फरक योगायोग असणार, आता तर सगळ्याच अर्धवट दिसतायत. या वाणात काही विशेष नाही. शुक्रवारी बाटल्या वाफेच्या भांड्यात घालून खोली मोकळी करा. मित्रांनो, बी-बियाणे डब्यात भरून ठेवता येते, या माश्या तशा ठेवता येत नाहीत. दर काही आठवड्यांनी त्यांना नव्या बाटलीत पलटत राहावे लागते, तरच वाण टिकतो. एकदा वाफ लागली की अर्धवट जगातून कायमचा गेला असता, आणि त्याबरोबर धाकटीचा प्रबंध, आणि बाईंचा प्रश्नही.

धाकटी रडली नाही. तिने फक्त बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी बाई काळा चष्मा लावून आल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावायची त्यांना सक्त मनाई होती. त्या आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मला दिसणार नाही, तुम्ही रोज जसं करता तसं माझ्यासमोर करा. टापटीपने गॅस सोडला, माश्या निवडल्या, पहिली बाटली भरली. बाईंनी सवयीने हात पुढे केला. त्याने बाटली त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती न बघता टेबलावर आडवी ठेवली, जशी त्या वर्षानुवर्षे ठेवत आल्या होत्या, आणि हात काढून घेतला.

बाटली घरंगळत येऊन त्यांच्या मांडीत पडली.

बाईंनी काठावरून बोटे फिरवली. "इथला ब्रश कुठे गेला?"

"तो टकला?" टापटीप म्हणाला. "तो मी काढला, बाई. पाहुणे येणार होते ना."

"मग बाटल्या कुठे ठेवतोस?"

"स्टँडमध्ये. उभ्या. आडव्या ठेवल्या की गडगडत येतात, एक तर फुटलीसुद्धा."

"माश्या जाग्या झाल्यावर उभ्या करतोस ना?"

टापटीपने धाकटीकडे पाहिले. "जाग्या होईपर्यंत कशाला थांबायचं?"

मग धाकटीने स्टँडमधली एक जुनी बाटली उचलली, माश्या झोपवल्या आणि मायक्रोस्कोपखाली घेतल्या. बराच वेळ पाहत राहिली. पंखाच्या कडेला साय आहे, असे ती म्हणाली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. माझ्यामुळे झालं, असे टापटीप म्हणू लागला. बाई त्याला रागावल्या नाहीत. चूक माझी, वाक्य सगळ्यांना सांगायला हवं होतं, असे त्या म्हणाल्या. मला त्या वेळी दोघांपैकी कोणाचेच काही ऐकायचे नव्हते. मी डब्यात उभा होतो आणि मला एकच गोष्ट कळत होती. मी गेलो म्हणून बाटली घरंगळली. बाटली घरंगळली म्हणून ती उभी झाली. उभी झाली म्हणून पंख चिकटले, पंख चिकटले म्हणून गाणे तुटले आणि गाणे तुटले म्हणून एक अख्खा वाण मरायला निघाला. ज्या कामाला मी काम म्हणायला तयार नव्हतो, ते हे होते.

बाईंनी सरांना बोलावले. सर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीने एवढं होईल हे मला पटत नाही. बाई म्हणाल्या, "एवढीशी गोष्ट काढली की केवढं बिघडतं, हेच तर आपण आयुष्यभर शिकवत आलो." सर हसले, पण हटले नाहीत. शेवटी त्यांनी नव्या माश्या कोषातून बाहेर येईपर्यंत मुदत दिली, एका अटीवर. बाटल्यांची सरमिसळ ते स्वतः करणार, कोणती कोणाची हे फक्त त्यांना ठाऊक असणार, आणि बाईंनी ओळखून दाखवायचे.

धाकटीने मला डब्यातून काढले. धुतले, पुसले आणि टेबलाच्या काठाशी आडवे ठेवून नवी चिकटपट्टी लावली. त्या वेळी मला राग आला नाही, हे सांगायला लाज वाटत नाही. बाटल्या एकामागून एक येऊन माझ्या अंगाला टेकल्या. आत माश्या झोपल्या होत्या. हळूहळू एकेक पाय हलू लागला, एकेक पंख झटकला गेला, आणि सगळ्या जाग्या होऊन काचेवर चालू लागल्यावर मगच टापटीपने बाटल्या उभ्या केल्या. त्याच्याइतके सांभाळून ते काम नंतर कोणी केलेले मी पाहिले नाही.

ठरलेल्या दिवशी गाणी आमच्याच खोलीत स्पीकरवर लावली. सर हातात चिठ्ठ्या घेऊन खिडकीशी उभे. बाईंनी चष्मा काढून डोळे मिटले. स्पीकरमधून बारीक गुणगुण आली, सलग, थोडी थांबून पुन्हा सलग. बाई म्हणाल्या, पूर्ण. दुसरी, पूर्ण. तिसरी सुरू झाली आणि मध्येच तुटली, पुन्हा सुरू झाली आणि तिथेच तुटली. बाईंच्या चेहऱ्यावर असे हसू आले की जणू घरचे कोणी दाराशी आले. "अर्धवट," त्या म्हणाल्या. असे करत त्या शेवटापर्यंत गेल्या. फक्त एका जागी अडल्या आणि म्हणाल्या, याबद्दल सांगता येत नाही. सरांनी चिठ्ठी पाहिली आणि धाकटी शेजारच्या खोलीतली डबी पाहून आली. त्या नराने गाणे म्हटलेच नव्हते, तो सगळा वेळ डबीच्या कोपऱ्यात बसून होता. बाकी एकही चुकले नव्हते. सरांनी चिठ्ठ्या खिशात घातल्या, यंत्र दुसऱ्या खोलीत बसवतो म्हणाले आणि जाताना माझ्याकडे जरा निरखून पाहिले. माझ्याकडे तसे कोणी दुकानातल्या त्या पापणीनंतर पाहिले नव्हते.

टापटीपला मात्र चैन पडेना. त्याने अर्धवटांचे कोष उघडले, आतल्या मज्जातंतूंना रंग दिला आणि दर थोड्या तासांनी पाहत गेला. साध्या माशीच्या कोषात एक तंतू पंखाच्या स्नायूंकडे निघतो आणि पोचतो. अर्धवटाच्या कोषात तो निघतो आणि निम्म्या वाटेत थांबतो. माशी बाहेर येण्याआधीच गाणे तिथे तुटलेले असते. म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर अंडीवाल्याच्या टेबलावर सापडले. त्याने ते बाईंना दाखवले तेव्हा बाईंच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा सुटला होता, आणि त्यांनी मायक्रोस्कोपला पहिल्यांदा डोळा लावला तो त्या तंतूवर.

आता माझ्या नावाचे सांगतो आणि थांबतो. मला कोणी पुन्हा उचलू नये म्हणून माझ्याशेजारी नावाची पट्टी लावायचे ठरले. टापटीपने सुचवले, अडसर लिहू या, नाहीतर उंबरा, म्हणजे हा काय करतो ते नव्या माणसाला कळेल. धाकटी म्हणाली, "आपल्यात असं नाव ठेवत नाहीत. असताना काय होतं, ते कोणाला दिसतं का? नसताना काय होतं ते लिही." आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिले, घरंगळ. तेच माझे नाव आहे. जो घरंगळू देत नाही, तो घरंगळ. ज्या रिवाजाला मी एकेकाळी वेडेपणा म्हणत होतो, त्याच रिवाजाने माझे बारसे झाले.

डोळे रंगवायचे राहिले ते राहिलेच. अधूनमधून त्याची चुटपुट लागते, ती मी लपवत नाही. पण मित्रांनो, अजूनही कोणी नवा मुलगा किंवा मुलगी या खोलीत येते, माझ्याकडे बोट दाखवते आणि विचारते, हे टकलं इथे कशाला? त्यांना मी मनातल्या मनात जे उत्तर देतो तेच तुम्हालाही देतो. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी जे कोणी नुसते पडून आहे असे तुम्हाला वाटते, त्याच्यावर दया करू नका. त्याची काळजी घ्या असेही मी म्हणणार नाही. फक्त त्याला काढून टाकण्याआधी एकदा, एका दिवसासाठी उचलून बाजूला ठेवा आणि काय काय घरंगळत येते ते नीट पाहा.

माझ्यापासूनच सुरुवात करा. टेबलाच्या काठाला आहे, दोन्ही टोकांना चिकटपट्टी आहे, अंगाला पाच बाटल्या टेकल्या आहेत आणि आत माश्या झोपल्या आहेत. हिंमत असेल तर मला उचलून बघा.